निरभ्र दिवसाची वाट

त्यांना सगळे नंबरवालेच म्हणत. बाजाराच्या रस्त्यावर चष्म्याचं एक जुनं दुकान होतं आणि दुकानाच्या पोटात, पडद्यामागे, एक अरुंद खोली. त्या खोलीत एकतीस वर्षं ते लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत आले होते. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, अलीकडे उंच खुर्ची आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल चौकट. तिच्यात एकेक भिंग बदलत ते विचारायचे, "हे बरं, की आधीचं?" पाव नंबरचाही फरक सोडायचे नाहीत. मालक म्हणायचे, "साक्षात देव समोर आला तरी हे म्हणतील, जरा हनुवटी वर करा."

त्यांना फसवणं सोपं नव्हतं. चष्म्याच्या हौसेपायी दिसत नसल्याचं सोंग आणणाऱ्या शाळकरी मुली ते दोन मिनिटांत ओळखायचे. परवान्यासाठी तक्ता घोकून आलेले ड्रायव्हर तर नेहमीचेच. नंबरवाले त्यांचं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "छान. आता हीच ओळ उजवीकडून डावीकडे वाचा." ड्रायव्हरची गाडी तिथेच बंद पडायची.

बायको रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि पडद्याआडच्या बाकावर बसून गिऱ्हाईक आटोपायची वाट बघायची. घर दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. लग्न होऊन आल्यापासून घर, दुकान, मंडई आणि कधीमधी दवाखाना, एवढंच तिचं शहर. पाच-सहा वर्षांपूर्वी शहरात तो उंच टॉवर झाला. वर काचेची गोल गच्ची, चारी बाजूंनी शहर दिसतं म्हणे. दुकानाच्या पायरीवरून त्याचं टोक दिसायचं. दोन वर्षांपूर्वी एकदा डबा भरता भरता ती म्हणाली, "आपण तिथं जाऊ या. मला हे शहर एकदा सगळं एकदम बघायचंय. तुकड्यातुकड्यांनी बघून कंटाळा आलाय."

नंबरवाल्यांनी ते मनावर घेतलं आणि तिथेच घोडं अडलं. कारण ते कुठलंच काम ढोबळ करायचे नाहीत. भिंगांच्या रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर त्यांनी चार दिशा मांडल्या. कुठून काय दिसेल, सूर्य कधी पाठीशी असेल, सगळं लिहिलं. जाऊन आलेल्या गिऱ्हाइकांची उलटतपासणी घेतली. आणि मग दिवस बघायला लागले. उन्हाळ्यात धुरळा, पावसात ढग, थंडीत धुकं. रोज सकाळी पायरीवर उभे राहून टॉवरकडे बघायचे आणि मान हलवायचे.

"धूसर तर धूसर," ती म्हणायची. "उद्याच जाऊ ना."

"अगं, अर्धवट बघायला एवढं वर कशाला चढायचं?"

गेल्या वर्षभरात तिनं फारच लकडा लावला. नंबरवाले हसायचे. "लहान मूल झालीस का? टॉवर काय पळून जातोय?"

"टॉवर नाही हो," ती म्हणाली होती आणि डबा उचलून निघून गेली होती.

तिच्या डोळ्यांचा त्यांना केवढा अभिमान! तिला अठ्ठावन्नावं लागलं होतं, पण लांबच्या नजरेला नंबर म्हणून नव्हता. "आमच्या घरी बघा," असं गिऱ्हाइकांना सांगायचे, "दिव्याखाली अंधार नाही." तीन-चार महिन्यांनी कधीतरी तिला त्या खुर्चीवर बसवायचे, एकेक डोळा झाकायचे आणि ती शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचायची. मग मालकांना हाक जायची, "या, ऐका."

अखेर योग आला. दोन दिवस पाऊस पडून आभाळ धुऊन निघालं आणि शनिवार निरभ्र असणार असं पेपरात आलं. नंबरवाल्यांनी सकाळी दहाची तिकिटं काढली. शुक्रवारी ती डबा घेऊन आली, तेव्हा ते म्हणाले, "बस जरा खुर्चीवर. उद्या लांबचं बघायचंय, कणभर कसर नको. नंबर निघाला तर संध्याकाळपर्यंत चष्मा करून देतो."

"आज कशाला?" ती म्हणाली. "जेवण गार होईल."

"दोन मिनिटं."

ती बसली. त्याच सकाळी कंपनीच्या माणसानं जुना पिवळा पडलेला तक्ता काढून तिथे नवा कोरा लावला होता, वेगळ्या अक्षरांचा. त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून नंबरवाले काही बोलले नव्हते.

तिचा डावा डोळा झाकून ते म्हणाले, "वाच."

वर एकच मोठं अक्षर होतं, म. ती म्हणाली, "प."

चेष्टा करते आहे, असं त्यांना वाटलं. ती पुढे वाचत गेली. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. शेवटच्या ओळीला नेहमीसारखी थबकली, डोळे बारीक केले, म्हणाली, "हे जरा बारीक आहे हं," आणि तीही वाचली. समोरच्या तक्त्यावरचं एकही अक्षर त्यात नव्हतं. सगळा जुना तक्ता होता, ओळीनं, एकही चूक नसलेला. बाकावर बसून शेकडो गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेला.

बाहेरून मालक ओरडले, "काय, वहिनी पास ना?"

"पास," नंबरवाले म्हणाले.

मग त्यांनी पडदा नीट ओढून घेतला आणि तिच्यासमोर हात धरला. "किती बोटं?"

जराशी मान वळवून, कडेनं, ती त्यांच्या हाताच्या बाजूला कुठेतरी बघत राहिली. असं बघणारी माणसं त्यांनी याच खुर्चीवर किती बघितली होती! आणि जगाला ओळी उलट्या वाचायला लावणाऱ्या या माणसानं बायकोला एकदाही म्हटलं नव्हतं, उजवीकडून वाच.

त्याच दुपारी ते तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण नंबरवाल्यांना ओळखत होत्या. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन पुष्कळ पेशंट वेळेवर आले होते. बाईंनी बराच वेळ तपासलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, दोन्हीकडचा. वर्षभरापूर्वी आणलं असतंत तर इंजेक्शनं देऊन थांबवता आलं असतं. कडेचं दिसत राहील. मधलं परत येणार नाही."

बाहेरच्या बाकावर दोघं बसले.

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, आमच्या घरी बघा म्हणून."

"म्हणून?"

"आणि सांगितलं असतं तर तुम्ही दवाखाने धरले असते. टॉवर राहिलाच असता." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "मला वाटलं, तेवढ्यापुरतं टिकेल."

नंबरवाल्यांना तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दोन वर्षं ते आभाळ तपासत बसले होते.

शनिवारी सकाळी ते म्हणाले, "नको जाऊ या." ती केव्हाच तयार होऊन दाराशी उभी होती. "एवढा दिवस शोधलात," ती म्हणाली, "आता वाया घालवू नका."

दिवस खरोखर तसाच होता. लिफ्टवाला म्हणाला, "नशीबवान आहात, असं वर्षातून एकदा दिसतं." वर माणसं काचांना चिकटून 'ते बघ, ते बघ' करत होती. दूरच्या डोंगरावरचं एकेक झाड सुटं दिसत होतं, इतकं, की नंबरवाल्यांना त्याचा राग आला.

ती उत्तरेच्या काचेशी उभी राहिली, तोंड जरा बाजूला वळवून. कुणाला वाटलं असतं, ही शहराकडे पाठ फिरवते आहे.

"कडेनं आभाळ दिसतंय," ती म्हणाली. "निळं आहे. मधलं तुम्ही सांगा."

"नदी आहे. तिच्यावर तीन पूल. पहिल्याला पाच कमानी, दुसऱ्याला..."

"अहो, मोजून काय दाखवताय? नदी कशी आहे?"

जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना विचारलं होतं. त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"वळलीय," ते म्हणाले.

"कुठं?"

त्यांनी तिचा हात धरला, तिचं बोट काचेवर टेकवलं आणि सावकाश नदीचं वळण काढलं. शहराच्या मधोमध येऊन, अंग काढून घेतल्यासारखं दूर जाणारं. तिनं हात सोडवून घेतला आणि तेच वळण पुन्हा एकटीनं काढलं. थोडं चुकलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही.

"आणि हिच्या पलीकडे?" तिनं विचारलं.

नंबरवाल्यांनी बघितलं. घरं, रस्ते, एक मैदान, मैदानात धावणारे ठिपके, मग शेतं, मग डोंगर, आणि डोंगरामागे आणखी एक फिकट डोंगर.

"पलीकडे खूप आहे गं," ते म्हणाले.

ती पुढचं ऐकायला थांबून राहिली. बोट अजून काचेवरच होतं.