पडायची गादी

मी दगडांवर चढते, हे कुणाला सांगायचं म्हटलं की मला अजूनही अवघड जातं. दोर बांधून कडा वगैरे चढत नाही. माणसाच्या दीड-दोन पट उंच असा एखादा मोठा धोंडा असतो, त्याच्या खाचा आणि कडा हातापायांनी धरत वर जायचं, आणि नाही जमलं तर खाली पडायचं. इंग्रजीत याला बोल्डरिंग म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नाही. आमच्या घरी ‘तिचं ते दगडाचं’ म्हणतात.

यात चढण्यापेक्षा पडणंच जास्त असतं. एकाच जागेवरून वीसदा पडल्यावर एकविसाव्या वेळी हात पुढच्या खाचेत अडकतो. म्हणून दगडाखाली एक जाड, दुमडता येणारी गादी टाकतात. तिला क्रॅश पॅड म्हणतात. शहरात चढणाऱ्यांचा एक गट आहे, त्यांच्याकडे असा एक पॅड होता आणि रविवारी सगळे तो घेऊन जायचे. मी दोनदा गेले. पंधरा जण खाली उभे राहून ‘डावा पाय, डावा पाय’ ओरडत असताना मला माझा डावा पाय कुठला तेही आठवेना. तेव्हापासून मी आणि माझी एक मैत्रीण वेगळ्या जायला लागलो, आमच्या शहराबाहेरच्या सातारा डोंगराच्या पायथ्याशी, सकाळी लवकर. खाली टाकायला आमच्या दिवाणावरची जुनी गादी न्यायचो.

डिसेंबरात त्याच गादीच्या काठावर माझा पाय पडला आणि घोटा वळला. तीन आठवडे पट्टी होती.

मम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती रागावली की आवाज चढवत नाही, वर्गात सूचना द्यावी तशी बोलते. पट्टी सुटली त्या दिवशी म्हणाली, “चढायचं ते चढ. मी नाही म्हणत नाही. पण ती दिवाणाची गादी आता बास. नीट काहीतरी आण, मला दाखव. मी बघितल्याशिवाय त्या दगडाला हात लावायचा नाही.”

“दाखवते,” मी म्हणाले.

“आणि मी येणार तिथं. पडून दाखवायचं.”

एवढ्यावर ती थांबली, हेच माझ्यासाठी खूप होतं. माझ्या दोन मावसबहिणींना घोटा न वळताही बऱ्याच गोष्टी बंद झाल्या होत्या.

मला ते दगड का हवे होते, हे मी मम्मीला कधी नीट सांगू शकले नाही. मी चिकलठाण्याला एका कंपनीत ड्रॉइंग तपासायचं काम करते. तिथं मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं की मी वहीत रेघा मारायला लागते. नातेवाईक ‘ही बोलतच नाही’ असं माझ्यासमोरच म्हणतात, जणू मी ऐकूही शकत नाही. दगडासमोर कुणी काही विचारत नाही. तीन आठवडे घरी बसले तेव्हा कळलं की त्या सकाळींच्या जोरावर मी उरलेला आठवडा काढत होते. शिवाय वेळ कमी होता. होळीनंतर आपल्याकडचा काळा दगड सकाळी आठलाच हाताला चटका देतो. तोपर्यंत गादी झाली नाही, तर पावसाळा संपेपर्यंत काही नाही.

तयार पॅड बाहेरून मागवावे लागतात. त्यांच्या किमती बघून मी लॅपटॉप बंद केला. मग दुसऱ्या दिवशी उघडला आणि ते कसे बनवतात हे वाचायला लागले. किती जाड, कुठला फोम, मधे कापून बिजागरीसारखी घडी घालायची की अख्खीच दुमडायची. जेवताना पप्पांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पप्पा वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंग बघतात. पार्ट हातातून सुटला तरी त्याला पोचा येऊ नये, हे त्यांचं वीस वर्षांचं काम.

“ह्याच्यात लई काही नाही,” ते म्हणाले. “दोन फोम आहेत बघ. उशी आण.”

मी उशी आणून पलंगावर ठेवली. त्यांनी तिच्यात बोट खुपसलं. बोट खालच्या पलंगाला जाऊन टेकलं. मग त्यांनी आपलं रिकामं ताट उशीवर पालथं घातलं आणि त्यावर तेच बोट दाबलं. ताट थोडं खाली गेलं, पण सगळी उशी एकदम दबली.

“कडक फोम वर, मऊ फोम खाली. मार आधी पसरला पाहिजे, मग जिरला पाहिजे. वरचं मऊ असलं की टाच सरळ जमिनीपर्यंत जाते. आणि मधे कापायचं नाही. फट राहिली की पाय तिच्यातच जाणार, ठरलेलं.”

“अहो, ते उशीला तूप लागलं,” मम्मी म्हणाली.

अशी आमची निवड झाली. पुढच्या आठवड्यात पप्पा वाळूजच्या दुकानातून दोन्ही फोम घेऊन आले, मोटरसायकलला उभे बांधून. मागून येणाऱ्यांना फक्त फोमच दिसत असणार. आता खोळ शिवून घ्यायची होती. पप्पांची पहिली पाळी होती. “शहागंजात गादीवाले आहेत, तूच जा. बोल त्यांच्याशी,” ते सहज म्हणाले. माझ्या दृष्टीनं फोम वाळूजहून आणणं त्यापेक्षा सोपं होतं.

रिक्षात मी वाक्य तयार केलं. मी इंग्रजी शाळेत शिकले. ‘क्रॅश पॅड’ दुकानात कुणाला कळणार नाही, म्हणून मनातल्या मनात भाषांतर केलं आणि दुकानाच्या ओट्यापाशी जाऊन एका दमात म्हणून टाकलं, “चाचा, मला पडायला गादी शिवून हवी आहे. हे फोम आणलेत. खोळ मजबूत पाहिजे, दुमडता आली पाहिजे, आणि पाठीवर न्यायला पट्टे.”

गादीवाले चाचा चष्म्यावरून बघत राहिले. दाढी पांढरी, बोटांना सुतळीनं पडलेले वळ. “पडायला. बरं. हॉस्टेलला राहतेस का बेटा?”

मी मान हलवली. ती ‘नाही’ अशी हलवायची होती, पण धड कशीच हलली नाही.

“एवढीशी गादी? चार फूट? पाय कुठं ठेवशील?”

“चालेल.”

“चालेल कसं? थंडीत पाय बाहेर राहतील.”

“चालेल, चाचा.”

इथं मी थांबून नीट सांगायला हवं होतं. पण नीट सांगायचं म्हणजे दगड सांगायचा, मग का चढते ते सांगायचं, मग घरचे काय म्हणतात ते. मी ‘कडक वरच्या बाजूला’ एवढं पुटपुटले आणि नेमकी तेव्हाच मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मी परवा येते म्हणून निघाले.

परवा गेले तेव्हा गादी तयार होती, आणि फार सुंदर होती. वरच्या बाजूला निळ्या फुलांचं मऊ सुती कापड. खाली जाड कॅनव्हास. पट्टे दुहेरी शिवलेले. आणि एका टोकाला, मी न सांगता जोडलेली, छोटी उशी.

“उशी माझ्याकडून,” चाचा म्हणाले. “हॉस्टेलमधी उशी कोण देतं? जरा पडून बघ.”

मी अंगठा दाबला. तो पहिल्या पेरापर्यंत आत गेला. मऊ फोम वर होता.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मराठीत आपण दमून आल्यावरही पडतो. ‘जरा पडते’ हे मम्मी शाळेतून आल्यावर रोज म्हणते, आणि पंचवीस वर्षं ते ऐकूनही मला दुकानात ते आठवलं नव्हतं. मी लोळायला गादी मागितली होती आणि या माणसानं जीव ओतून ती बनवली होती.

गादी उलटी करून वापरावी असंही मनात आलं. पण मग फुलांचं सुती कापड खाली गेलं असतं आणि मुरमावर दोन दिवसांत फाटलं असतं. दुसरा विचार आला, गुपचूप घरी न्यावी आणि आपणच उसवावी. दाभण कसं धरतात तेही मला माहीत नव्हतं. तिसरा विचार मम्मीचा आला. ती अंगठा दाबणार, आणि विषय संपणार.

“चाचा,” मी म्हणाले, “पडायला म्हणजे झोपायला नाही.”

“मग?”

“वरून पडायला.”

“वरून? पलंगावरून?”

“दगडावरून.”

चाचांनी चष्मा काढला. ओट्याच्या कडेला एक बाई रजईसाठी थांबल्या होत्या, बुरख्यातल्या, हातात भाजीची पिशवी. त्यांनी मध्येच सांगून टाकलं, “गिरने कू बोल रही वो, भाई. सोने कू नै.”

“गिरने कू? कायकू गिरना?”

“अब मेरेकू क्या पूछते? उसकू पूछो.”

दोघं माझ्याकडे बघायला लागले. समोरचा बांगडीवालाही बघायला लागला. माझे कान तापले. शब्दांनी हे होणार नाही, एवढं मला कळलं होतं. मी चपला काढल्या, गादी गल्लीत पसरली, ओट्यावर चढले, तिथल्या लाकडी स्टुलावर उभी राहिले. एक स्कूटर थांबली. मी उडी मारली.

मऊ फोमनं टाच गिळली आणि घोटा कलंडला. दुखला नाही, पण कलंडला. आणि चाचांनी तो बघितला. माझ्या तोंडाकडे न बघता ते फक्त पायाकडे बघत होते.

“पाय वाकडा झाला,” ते म्हणाले.

“हो. म्हणून कडक वर पाहिजे. मऊ खाली.”

त्यांनी स्वतः गादी उलटी केली, फुलं जमिनीला, कॅनव्हास वर. “आता मार.”

मी परत स्टुलावर चढले. या वेळी ‘धप्प’ असा भरीव आवाज आला आणि दोन्ही पाय जिथं टेकले तिथंच राहिले. रजईवाल्या बाईंनी पिशवी खाली ठेवली. “फिर से कूद, बेटी. मैं इदर से देखी नै बराबर.”

मी तिसऱ्यांदाही उडी मारली. त्या वेळी मला हसू आलं होतं.

“ऐसा बोलना ना पहिलेच,” चाचा म्हणाले, पण रागानं नाही. “चाळीस वर्षांत कुणी कडक बाजू वर मागितली नाय मला. झोपणारा शिव्या देईल.” त्यांनी तिथंच बसून खोळ उसवायला घेतली. वर-खाली दोन्हीकडे कॅनव्हास लावायचा, हे त्यांनीच ठरवलं. मग विचारलं, “दगडाला काटेकुटे असतात?” मी हो म्हणाले, तर कोपऱ्यांवर रेग्झिनचे तुकडे लावतो म्हणाले. दुमडलेली गादी माझ्या पाठीवर ठेवून पट्टे खांद्याला नीट बसतात का ते पाहिलं, दोनदा कमी केले. जादा कामाचं काही घ्यायला ते तयार झाले नाहीत. “मी ऐकलं नाय नीट,” एवढंच. मी नीट सांगितलं नाही, हे मी तीनदा सांगितलं. उशी मात्र त्यांनी कापून वेगळी करून पिशवीत घातली. “गिरके थकेगी, तो सोना तो पडेगाच.”

घरी येताना रिक्षात गादी माझ्या शेजारी बसल्यासारखी उभी होती. मी मनात मोजत होते, यातल्या कुणाला दगडावर चढण्यात काय आहे हे पटलं होतं. पप्पांना नाही, त्यांनी तर मला चढताना कधी पाहिलंही नव्हतं. चाचांना नाही. तरी एकानं उशीवर ताट पालथं घातलं होतं आणि दुसऱ्यानं आपलं सुंदर काम माझ्यासमोर उसवलं होतं. ज्याला आपलं म्हणणं पटलेलं नाही, त्यानंही आपल्यासाठी इतकं करावं, याची मला सवय नव्हती. मी लोकांना आधीच कमी सांगते, म्हणजे त्यांना नाही म्हणायची वेळ येत नाही. त्या दिवशी कळलं की त्यामुळे हो म्हणायचीही येत नाही.

शनिवारी सकाळची शाळा करून, दुपार कलल्यावर मम्मी आली. पायात बूट, डोक्याला ओढणी, हातात चहाचा थर्मास. मैत्रीण आधीच पोचली होती. ऊन उतरलं होतं आणि दगड कोमट होता. मम्मीनं आधी गादी दाबून बघितली, मग तिच्यावर उभी राहिली, मग टाचा उचलून दोनदा आपटल्या. बाजूच्या सपाट दगडावर जाऊन बसली.

मी जुन्याच धोंड्यावर गेले, जिथं घोटा वळला होता. चार खाचा जमल्या. पाचवीला उजवा हात लांब करावा लागतो आणि डावा पाय सुटतो. तो सुटला.

“अगं आई गं!” मम्मी ओरडली.

धप्प. मी उभी होते. दोन्ही पाय गादीवर, पण डावा अगदी काठापाशी.

मम्मी उठून जवळ आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली बघितलं, मग वर त्या पाचव्या खाचेकडे, मग परत खाली. वर्गात बाक हलवतात तसे तिनं गादीचे दोन कोपरे धरले आणि ती हातभर डावीकडे ओढली.

“तू सरळ नाही पडत. तिकडं फेकली जातेस,” ती म्हणाली. “इथं पाहिजे ही. हं, जा आता.”

घामानं पकड निसटू नये म्हणून मी हाताला खडूची पूड लावली. पडलेच तर मला गादीवर सावरायला मैत्रीण मागे हात वर करून उभी राहिली, आणि तिच्या शेजारी, तसेच हात वर करून, मम्मी.