हिरकन वहिनीचा डोंगा

"हिरकन गेली," एवढंच दादा फोनवर म्हणाला. मी नागपुरात ऑफिसच्या जिन्यात उभी होते. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. वहिनीने चाळिशीही गाठली नव्हती... गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले तेव्हा डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि तिची मला लाज वाटत होती. वहिनीजवळ एका टीव्ही मालिकेचा शेवट होता. तो मी ऐकून घेतला नव्हता.

आमचं गाव अर्जुनी मोरगावजवळचं, धानाचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत घरची मुलगी शेतात बांधीत नाही, हे लोकांना खटकायचं. वहिनी दहावी होऊन आमच्याकडे आलेली, माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी. ती म्हणायची, "तू जाय कॉलेजले, बाई. तुझी पात मी लावतो." आणि खरंच दोघींच्या वाट्याची रोपांची पात ती एकटी लावायची. माझ्या पदवीसाठी तिने किती चिखल तुडवला, हे मला तेव्हा कळत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

रविवारी सकाळी एक परदेशी मालिका हिंदीत लागायची. पृथ्वी सोडून नवं घर शोधायला निघालेलं एक यान, त्याची कप्तान एक बाई, आणि वाट दाखवणारा एक अबोल नावाडी. वहिनी आणि मी चुलीवरचा भात विसरून ती पाहायचो. मी पाहून सोडून द्यायचे, वहिनी मात्र वर्षभराचं सारं रोवणीसाठी राखून ठेवायची. गुडघाभर चिखलात बाया वाकून, मागे मागे सरकत रोपं लावत असायच्या आणि ती सांगायची, "डोंगा अंधारात चालून राहिला, बायांनो. ना काठ, ना किनारा." यानाचा असा डोंगा, म्हणजे गावाकडची होडी, झाला होता. ऐन मोक्यावर तिच्या हातातली रोपांची पेंडी संपायची आणि गोष्ट थांबायची. बाया ओरडायच्या, "सांग ना व, लबाडे!" ती म्हणायची, "पहिले पेंड्या उचला, मंग सांगतो." बाबा बांधाच्या धुऱ्यावरून हसत म्हणायचे, या डोंग्यानं आपली रोवणी दोन दिवस आधीच सरते.

मग नावाडी एका उजाड ग्रहावर मागे राहिला, यान निघून गेलं, आणि मालिका तिथेच बंद पडली. पुढे काही दाखवलंच नाही. पण पुढच्या रोवणीत वहिनीची गोष्ट चालूच होती, त्याच्या पुढच्या वर्षीही. नावाड्याने तिथे झोपडी बांधली, तांबड्या मातीत मूठभर धान पेरलं, रोज संध्याकाळी दिवा हलवून डोंग्याला खूण केली... त्या वर्षी मी बी.एस्सी. पास होऊन गोंदियाहून आले होते. शिकलेल्या माणसाने खरं बोललं पाहिजे, असं मला फार वाटायचं. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "वहिनी, ती मालिका तर कधीच बंद पडली. हे तू मनानं सांगून राहिली."

बांधीतले हात थांबले. शेजारी लावत असलेली सखूकाकी म्हणाली, "म्हणजे दोन वरसं फसवून राहिली का व आम्हाले?" सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. पण त्यानंतर तिने डोंग्याचं नाव काढलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आता कायले सांगू? टीव्हीत नाई ना." त्यात राग नव्हता. राग असता तर मला माफी तरी मागता आली असती.

दहा-अकरा वर्षांनी बातमी आली, मालिकेचा शेवटचा सीझन येणार. माझा मोबाइल चाहत्यांच्या मेसेजने भरून गेला. कोणी आनंदाने रडत होतं, कोणी चिडून विचारत होतं की इतक्या वर्षांनी आता कशाला. मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "नावाड्याले वापस आणतात का?"

"ते अजून माहीत नाही."

"माझ्याजवळ एक शेवट आहे, बाई. सांगू?"

मी म्हणाले, "थांब वहिनी, आधी खरा येऊ दे. मी लॅपटॉप घेऊन येते, सोबत पाहू."

"बरं... ये मंग."

मी गेले नाही. सुट्टी नव्हती असं मी स्वतःला सांगत राहिले. सीझन आला आणि एका रविवारी मी तो एकटीने पाहून टाकला. नावाडी मागे राहिल्यावर आठवडाभरातच मेला होता, असं एका वाक्यात सांगून मालिकावाले मोकळे झाले. जगभरचे चाहते संतापले, पुन्हा बनवा म्हणून सह्या गोळा करू लागले. मी मात्र वहिनीला काय सांगायचं याच विचारात पडले. तिने फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणाले, अजून पाहिलाच नाही. "काऊन? काम पडलं का?" ती म्हणाली. "पाहू मंग, तू आली का." तिच्याशी एवढंच शेवटचं बोलणं.

तेरवी झाली, पाऊस झाला, रोवणी लागली. यंदा मी सुट्टी काढून गेले आणि वहिनीच्या जागी पात धरली. बाया गप्प गप्प लावत होत्या. अर्धी बांधी झाल्यावर सखूकाकीने मान वर न करता विचारलं, "का व बाई, तो डोंगा टीव्हीत पुन्हा आला होता म्हणते?"

"आला होता, काकी. संपला आता."

"ते टीव्हीतलं राहू दे. हिरकनचा नावाडी... तो जिता आहे ना?"

पात थांबली होती. खरं काय ते तिथे मला एकटीलाच माहीत होतं.

"जिता आहे," मी म्हणाले.

"मंग?"

माझ्या हातातली पेंडी संपली होती. पुढचं मला येत नव्हतं. मी खाली वाकून दुसरी पेंडी उचलली आणि तिची गाठ सोडायला घेतली, जितका वेळ लावता येईल तितका लावत.