दादांनी पाठ केलेली लढाई

आमच्या घरातून लढाईला गेले माझे मालक, पण सरकारी कागदावर गेले माझे थोरले दीर. यात लबाडी कुणाचीच नव्हती. खुळेपणा मात्र सगळ्यांचा होता.

मालकांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा ते घरातून पळून जाऊन इंग्रजाच्या पलटणीत भरती झाले. वय कमी म्हणून हाकलून देतील, या भीतीनं त्यांनी थोरल्या भावाचं नाव आणि वय सांगून टाकलं. आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य, चौकशीला कोण बसलंय? पुढं त्यांना रिझर्वात टाकून घरी पाठवलं, म्हणजे शेती करा, गरज लागली की बोलावू. माझं लग्न तेव्हाचं. मग मोठी लढाई लागली आणि बोलावणं आलं ते दादांच्या नावानं. थोरल्या दिरांना सगळं घर दादाच म्हणायचं. पोलीस पाटलानं वेशीत नाव पुकारलं तसे दादा जे कडब्याच्या गंजीत शिरले, ते जावेनं पाय धरून ओढल्यावरच बाहेर आले. तोवर मालक बूट चढवून निघालेसुद्धा होते.

परत आले ते मांडीत गोळी खाऊन. पाय ओढत चालायचे, औत धरणं जमेना. आणखी एक खोड घेऊन आले. साधं लिंबू मागितलं तरी फेकायचे नाहीत. अंगणापलीकडून लंगडत यायचे आणि हातात ठेवायचे. मी चुलीपुढून ओरडायची, अहो, तिकडूनच फेका की! ऐकतील तर शपथ. लई चीड यायची मला त्याची.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतर गावात खबर आली की रिझर्वातून लढाईवर गेलेल्यांना पेन्शन मिळणार, पण धाराशिवचा साहेब गावात येऊन खातरजमा करणार. औताला गडी ठेवायचा तर आम्हाला ती पेन्शन हवीच होती, नाहीतर शेत पड ठेवायची पाळी. खरं ते सांगून टाकावं म्हटलं, तर अर्ज लिहिणाऱ्यानं घाबरवलं. सरकारला खोटं नाव सांगितलं म्हणून आधी बेड्या पडतील, पेन्शन राहिली बाजूला. मग घरात बसून ठरलं, की लढाईवर दादाच गेले होते आणि मालक त्यांचे साक्षीदार.

आता दादा म्हणजे येरमाळ्याच्या जत्रेपलीकडं कधी न गेलेला माणूस. तेरणेला गुडघाभर पाणी असलं तरी बैलाची शेपटी धरून उतरायचे. त्यांना बोटीचा प्रवास पाठ करायचा होता. शिकवणार कोण? मालकांची लढाई दोन शब्दांत संपायची, गेलो आणि आलो. जे काही ठाऊक होतं ते मलाच, वर्षानुवर्षं खोदून खोदून विचारलेलं. पण थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही ही घरची रीत. म्हणून मी दाराआड बसायची, दादा ओसरीवर आणि मालक उंबऱ्यात. मी म्हणायची, त्यांना म्हणावं, मिसर देशात नुसती वाळूच वाळू होती. मालक म्हणायचे, दादा, वाळूच वाळू होती. दादा विचारायचे, तिला विचार, चार बाभळी तरी असतील? सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं, तरी मालक स्वतःचीच लढाई इकडून तिकडं पोचवत बसायचे. जाऊ पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायची.

साहेब बेंबळीपर्यंत मोटारीनं आला, पुढं आमच्याच बैलगाडीतून. पेन्शनीत निघालेला सुभेदार, मिशा पिळलेल्या. सगळं गाव ओसरीपुढं जमलं. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक, पण एकानं तोंड उघडलं नाही. पोलीस पाटलानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं, की साहेब, नाव मी यांचंच पुकारलं होतं. आणि ते खरंच होतं.

दादांनी धडाधड म्हणून दाखवलं. बोट म्हटली, दर्या म्हटला. वाळवंटात मधेच हुरड्याला आलेली ज्वारी उगवली, तेव्हा मी दाराआडून बांगड्या वाजवल्या आणि त्यांनी ती मुकाट मागं घेतली. गोळीची खूण दाखवा म्हटल्यावर त्यांनी बैलानं शिंग मारल्याची जुनी खूण पुढं केली. धोतर इतकं वर घेतलं, की साहेबानंच मान फिरवली.

मग साहेबानं कागद खाली ठेवला. "लढताना तुमच्या शेजारच्या खड्ड्यात कोण होतं?"

हे आमच्या धड्यात नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं, मालकांनी कधी सांगितलंच नव्हतं. दादांनी मालकांकडं पाहिलं. ते दोन्ही हातांनी डोकं गच्च धरून बसले होते. भावाला असं दादांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना रडूच फुटलं. एवढा मोठा माणूस, गावादेखत हमसून हमसून रडला.

साहेबाचेही डोळे भरले. "बस," तो म्हणाला, "जो तिथं होता त्याला हे सांगता येत नाही." त्यानं सही ठोकली. मग मालकांच्या पायाकडं त्याचं लक्ष गेलं, म्हणून त्यानं काय झालं ते विचारलं. मालक म्हणाले, बैलानं मारलं.

"भाऊ तिकडं मरत होता तेव्हा तू कुठं होतास?"

"इथंच, साहेब. घरी."

"मग पाया पड त्याच्या."

मालक पाय ओढत गेले आणि दादांच्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या सुभेदाराच्या मिशा उपटून हातात द्याव्यात असं वाटलं. पण पुढ्यात दादा होते, मी दार घट्ट धरून उभी राहिले.

साहेब गेला, गाव पांगलं. दादा ओसरीवरून हलले नाहीत.

"कोण होतं रं शेजारी?" त्यांनी विचारलं.

मालक उठून बैलांकडं निघाले.

"उद्या कुणी पुन्हा विचारलं तर म्या काय सांगू? माझी लढाई हाय ती आता."

मालक मागं फिरले आणि त्यांनी सांगितलं. औशाकडचा एक पोरगा होता. तहानेनं जीव चालला होता त्याचा, पाण्याची बाटली मागत होता.

"म्या फेकली," मालक म्हणाले. "झेलायला खड्ड्याबाहेर उठला त्यो."

पेन्शन सुरू झाली, औताला गडी आला. बाकीची लढाई दादांनी पुढं वर्षानुवर्षं पारावर बसून सांगितली, बाभळी आणि हुरड्यासकट. हे तेवढं कुणाला सांगितलं नाही.

मीही मालकांना पुन्हा कधी तिकडूनच फेका म्हटलं नाही. लिंबू मागितलं की हात पुढं करून बसायची, ते अंगण ओलांडून येईपर्यंत.