दोरीला टेकून पाहिलेल्या शर्यती

माझे बाबा कशावरही पटकन विश्वास ठेवत नाहीत. पेट्रोल पंपावरचा आकडा, सुपरमार्केटची 'ऑफर', धुळीच्या वादळाचा इशारा, सगळ्यात काहीतरी लबाडी आहे असं धरूनच ते चालतात. हा गुण माझ्यात पुरेपूर उतरला आहे. आई म्हणते, या घरात दोन फौजदार आणि मी एकटी आरोपी. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात शर्यतीच्या नव्या ट्रॅकवर बाबा म्हणाले, "हा आवाज खोटा आहे, स्पीकरवर लावलाय," तेव्हा मला नवल वाटलं नाही. मला संशय आला तो वेगळाच.

तिकिटं मी काढली होती, त्यांच्या वाढदिवसाची म्हणून. "दीडशे दिरहॅम? म्हणजे साडेतीन हजार रुपये! आणि एवढ्या लांबून बघायचं?" हे गाडीतच ऐकून झालं होतं. लांबून हे मात्र खरं होतं. आमच्या आणि मोटरसायकलींच्या मध्ये आधी जाळी, मग काँक्रीटची भिंत, मग मोकळी पट्टी, मग आणखी एक जाळी. खुर्च्यांना नंबर होते आणि उठून पुढे गेलं की एक गणवेशवाला हसतमुखाने परत बसवत होता.

जुन्या ट्रॅकवर बसायला काहीच नव्हतं. शारजाच्या पलीकडे, वाळूत आखलेला तो एक लांबट गोल. कडेने जुने टायर रचलेले आणि टायरांपुढे एक दोरी. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असे. सकाळी टँकर येऊन वाळूवर पाणी मारून जायचा आणि जुम्म्याच्या नमाजाआधी शर्यती आटपायच्या. बाबा मला नेमके वळणावर उभे करायचे. माझ्या फ्रॉकचा मागचा पट्टा त्यांच्या मुठीत आणि माझं पोट दोरीला. त्या मोटरसायकलींना ब्रेक नसतात, हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी माहीत होतं. वळणावर त्या आडव्या व्हायच्या, मागचं चाक वाळू उडवायचं आणि ती वाळू आमच्या अंगावर यायची. दातांत कचकच, नडगीवर खडे आणि सगळीकडे जळक्या एरंडेलाचा वास. इंजिनात एरंडेल घालतात हे कळल्यावर त्या गाड्यांबद्दल मला फार सहानुभूती वाटली होती, कारण आई मलाही महिन्यातून एकदा तेच द्यायची.

बाबा दुबईत, रास अल खोरमधल्या एका गॅरेजात इंजिनाचे मिस्त्री. तिथे उभे राहून ते गाड्या बघायचे कमी, ऐकायचे जास्त. "त्या निळ्याची चेन सैल आहे. पुढच्या फेरीत बसेल बघ." आणि पुढच्या फेरीत तो निळा खरंच कडेला उभा असे. मला वाटायचं, आधीच ठरलेलं आहे, बाबांचं आणि त्या निळ्यावरच्या गोऱ्या स्वाराचं. एकदा मी तसं विचारलंही. त्यावर ते इतके खूश झाले की घरी येईपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले, पोरगी माझीच आहे.

मला अजूनही ती जागा हवी आहे. भिंत नको, जाळी नको, नंबरची खुर्ची नको. पोटाला दोरी आणि समोरून येणारी ती आडवी मोटरसायकल. हे मी ऑफिसमध्ये सांगितलं तर लोक म्हणतात, "व्हॉट अबाउट सेफ्टी?" बरोबरच आहे त्यांचं. पण सुरक्षित जागेवर बसून मला त्या दिवशी कंटाळा आला आणि त्याचा राग आला.

तर नव्या ट्रॅकवर बाबा म्हणाले, आवाज खोटा आहे.

"बाबा, दे आर रियल बाइक्स. समोर पळताहेत त्या."

"मग नीट ऐकू का येत नाही?" ते म्हणाले आणि लगेच पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला लागले.

मला सगळं नीट ऐकू येत होतं. इतक्या लांबूनही छाती हलत होती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

मग मी पाळत ठेवली. फोन आला की बाबा आईकडे देत आणि म्हणत, "माझे हात खराब आहेत." हात धुतलेले असत. टीव्हीवरच्या बातम्या खालच्या मजल्यापर्यंत जात होत्या. मी मुद्दाम त्यांच्या मागे उभी राहून म्हणाले, "बाबा, मी नोकरी सोडते आहे." ते पेपर वाचत राहिले. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं.

शेवटचा पुरावा गॅरेजात मिळाला. ते डबा विसरले होते, तो द्यायला मी गेले. मिस्त्री लोक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि त्याची मूठ कानाला लावून आत काय वाजतंय ते ऐकतात. बाबांनी ती मूठ दातांत धरली होती. डोळे मिटून, जबडा आवळून ते एका ट्रकच्या इंजिनावर वाकले होते. कान गेले तरी हाडातून आवाज पोचतो, हे मी त्याच दुपारी फोनवर वाचलं. डबा तसाच टेबलावर ठेवून मी निघून आले आणि गाडीत बसून रडले.

भीती साधी होती. बाबा साठीपलीकडचे. त्यांचा आणि आईचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की परत गावी, मिरजेला. माझ्या पगारात दोघांना ठेवून घेता येत नाही, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. त्यात दुसरी टोचणी. त्या वळणावर इतकी वर्षं इतक्या जवळ उभं राहूनच हे झालं असेल का? मग माझ्या कानांचं काय?

आता मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. पण मी इथे शिकलेली, इथल्या ऑफिसात वाढलेली. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट 'कन्फर्म' करतात. मी गॅरेजच्या फोरमनला फोन लावला. ते पेशावरकडचे पठाण, बाबांबरोबर वीस वर्षं काम केलेले. मी विचारलं, "चाचा, बाबा को काम में सुनने की कोई प्रॉब्लेम तो नहीं है ना?"

त्यांनी पलीकडे कुणाला तरी कंप्रेसर बंद करायला सांगितलं.

"बेटी, दो साल से सब को मालूम है," ते म्हणाले. "हम कंधे पे हाथ रख के बुलाते हैं. काम में आज तक गलती नहीं. लेकिन किसी ने कभी पूछा नहीं था, तो किसी को बताना भी नहीं था. अब घर से फोन आ गया. कल कोई गाड़ी रोड पे बंद हो गई, तो अरबाब मुझसे पूछेगा, तुम को खबर थी?"

अरबाब म्हणजे मालक. मी घाईने म्हणाले, "नहीं चाचा, मैंने तो ऐसे ही पूछा." ते फक्त "इन्शाल्ला" म्हणाले. फोन ठेवल्यावर मला आठवलं की त्यांना आपल्या पुतण्याला कामावर आणायचं आहे. म्हणजे इतक्या वर्षांच्या माणसावरही मी संशय घेऊन मोकळी झाले. तो संशय खरा की खोटा, मला आजही ठाऊक नाही.

दोन आठवड्यांनी बाबा भर दुपारी घरी आले. अरबाबने केबिनमध्ये बसवून चहा पाजला होता, खांद्यावर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, हबीबी, खूप काम केलंस, आता आराम. खलास. पुढचा व्हिसा निघणार नव्हता.

आई आत जाऊन देवासमोर बसली. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले आणि फौजदारी सुरू झाली. "त्या नव्या इलेक्ट्रिशियनचं काम आहे हे. पहिल्यापासून नजर ठेवून होता माझ्यावर. नाहीतर चहावाला, तो सगळ्या केबिनींतून फिरतो. फोरमन नाही सांगणार. तो माझा माणूस आहे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात दुपारचं ऊन पडलं होतं. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"कुणी सांगितलं असेल गं?" त्यांनी विचारलं. मोठ्याने, हल्ली बोलतात तसं.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीकडे पाहत मान हलवली. "इलेक्ट्रिशियनच," ते म्हणाले.

मी फार हळू बोलले होते. पुन्हा मोठ्याने सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, "बाबा, चहा टाकू?"