लाईट गेल्यापासून जनरेटर लागेपर्यंत

माझा धंदा करंटचा. करंट डोळ्यांना दिसत नाही, पण टेस्टर लावला की दाखवता येतो. जे टेस्टरवर येत नाही ते मी आयुष्यात कधी मानलं नाही. अमावस्या, लिंबू-मिरची, कुणाला काय दिसलं... असल्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप घेऊन उठायचो. या पानावर लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभवही मी टाइमपास म्हणूनच वाचत आलो. आज स्वतः लिहितोय. नाव देणार नाही, हॉस्पिटलचंही नाही. नाशिकमध्ये, द्वारका चौकापासून फार लांब नाही, एवढं पुरे.

मी तिथे मेंटेनन्स बघतो. जनरेटर, यूपीएस, लिफ्ट, सगळी वायरिंग. बायको मुलाकडे पुण्याला असते. का, ते इथे लिहीत नाही. घरी मी एकटा, त्यामुळे ड्यूटी संपली तरी बेसमेंटमध्ये, जनरेटरजवळ बसलेला असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॉस्पिटलची लाईट गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो, पण लगेच नाही. दहा-एक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आयसीयूची मशीन यूपीएसच्या बॅटरीवर चालतात. बाकी सगळं बंद. पंखे, एसी, पंप, सगळं. एरवी हॉस्पिटलमध्ये सतत घुंईऽऽ असा आवाज असतो, तो तेव्हाच कळतो — थांबल्यावर. बेसमेंटमधली ती शांतता मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यात कधी काही नव्हतं.

काही वर्षांपूर्वीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या मशीनची पूजा असते. त्या वेळी आयसीयूत नामदेव म्हणून एक पेशंट होते, मखमलाबादच्या पुढचे शेतकरी. व्हेंटिलेटरवर होते. त्यांची बायको इंदूबाई, माझ्याच वयाची, जिन्याजवळ सतरंजी टाकून राहायची. त्यांचा झेंडूचा मळा. दीर टेम्पोने फुलं विकायला आला होता, त्याने वहिनीकडे एक गोणी ठेवली. तीच घेऊन बाई सकाळी खाली माझ्याकडे आली.

"भाऊ, मशीनला घाला. मालकांचा श्वास याच्यावरच चाललाय ना?"

मी हो म्हटलं. आयसीयूच्या सिस्टरने जिन्यावरून हसत आवाज दिला, "काका, त्या इंजिनला पेढा भरवा हं! आम्हाला नुसता वास द्या!"

जनरेटरला हार घालायचा तर तो ऑटोवर ठेवून चालत नाही. मध्येच लाईट गेली तर इंजिन फिरणार, हाराबरोबर हातही जाणार. म्हणून मी पॅनलचा स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर केला. ते बरोबरच होतं. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले, पेढे वाटले... आणि दुसरा हार घेऊन लिफ्टने गच्चीवर निघालो, लिफ्टच्या मोटारीला घालायला.

स्विच परत ऑटोवर केला नव्हता.

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. अंधार. हातात झेंडूचा हार. मी निवांत होतो — आता जनरेटर लागेल. वाट बघितली. मग आणखी बघितली. आणि मग मला तो स्विच दिसला. डोळ्यांसमोर, मॅन्युअलवर. सगळ्या इमारतीत हे एकट्या मलाच माहीत होतं आणि मी लिफ्टमध्ये कोंडलेला होतो. फोनला रेंज नाही. दार बडवलं, ओरडलो. घामाला झेंडूचा वास येत होता.

वॉर्डबॉयनी दार ओढून मला बाहेर काढलं. मी आधी खाली पळालो, इंजिन लावलं, मग वर आयसीयूत. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झालेल्या, जेमतेम काही मिनिटं टिकल्या होत्या. सिस्टर नामदेवरावांना हाताने फुगा दाबून श्वास देत होती. तिला दुसऱ्या पेशंटकडे जायचं होतं. "काका, धरा! मी दाबत होते तसंच, घाई नको!" फुगा माझ्या हातात आला. व्हेंटिलेटर पुन्हा सुरू होऊन जोडेपर्यंत मी दाबत राहिलो. त्या श्वासाच्या शेवटी एक बारीक शिट्टी यायची. भस्स... आणि मग सूंऽ. धांदलीत इंदूबाई आत शिरली होती. नवऱ्याचे पाय धरून ती माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी ते गेले. डॉक्टर म्हणाले, तब्येत आधीच फार खालावली होती, सांगता येत नाही. सगळ्यांनी मला विचारलं, जनरेटर का लागला नाही? मी म्हणालो, "सेल्फ लागला नाही. बॅटरी डाऊन होती."

कोणी तपासलं नाही. तपासणारा मीच होतो.

त्यानंतर पहिल्यांदा लाईट गेली ती एका शनिवारी, दुपारी. शनिवारी वीज कंपनीची लाइनची कामं निघतात, म्हणून मी जनरेटरशेजारीच उभा होतो. लाईट गेली. घुंई थांबली. आणि त्या शांततेत, अगदी जवळून —

भस्स... सूंऽ. भस्स... सूंऽ.

इंजिन लागलं आणि आवाज त्यात बुडाला.

मी काय केलं असेल? जे येतं ते केलं. एक्झॉस्टची जाळी बघितली, डिझेलचा पाईप, बेल्ट, पाण्याची लाइन. मी स्वतः मेन बंद करून बघितलं — काही नाही. लाईट खरोखर गेली तरच यायचा. फोनवर रेकॉर्डिंग केलं. त्यात आधी शांतता आणि मग इंजिन, बस्स. हेल्परला शेजारी उभा केला. तो म्हणाला, "काही नाही काका. तुम्ही जरा घरी जात चला."

दर वेळी यायचा. भीती वाटायची का? पहिले काही महिने. नंतर... खरं सांगतो, मी वाट बघायला लागलो. सबंध आठवड्यात माझ्याजवळ येऊन थांबणारं तेवढं एकच होतं.

इंदूबाई दरवर्षी खंडेनवमीला झेंडू घेऊन यायची. सगळ्या स्टाफला सांगायची, "या भाऊनं शेवटपर्यंत फुगा दाबला. सख्ख्यानं बी केलं नसतं." मी मान खाली घालून फुलं घ्यायचो. हार करून त्याच मशीनला घालायचो.

गेल्या वर्षी माझ्याने ती फुलांची पिशवी हातात घेववली नाही. तिला खाली स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. स्विच, हार, लिफ्ट, सेल्फचं खोटं. एका दमात. ती मांडीवरच्या पिशवीतली फुलं चाचपत राहिली. मी म्हणालो, "ताई, काहीतरी बोला. शिव्या द्या."

तेवढ्यात लाईट गेली. कुठला तरी फीडर उडाला होता.

भस्स... सूंऽ. भस्स... सूंऽ.

इंदूबाईने मान वर केली. माझ्याकडे नाही बघितलं. जिकडून येत होता तिकडे बघितलं. तिचे ओठ उघडे राहिले. मग इंजिन धडधडलं. त्या आवाजात बोलता येत नाही. ती उठून रॅम्पवरून बाहेर उन्हात गेली, मी मागोमाग.

"हे कधीपास्नं येतंय?"

"तेव्हापासून."

"दर वेळी?"

"हो."

"मालकांचाच हाय. शेवटाला शिट्टी वाजायची ती... दवाखान्यातच लागली होती." तिने पदर तोंडावर धरला, मग काढला. "स्विचचं मी घरी जाऊन बघंन. पोरांना सांगायचं का नाय, ते बी बघंन. पण भाऊ... मी तिकडं एकटी भिंतीकडं तोंड करून पडती. आन तुमच्याजवळ त्यांचा श्वास व्हता. एवढी वर्षं! एकदा बोलावलं नाय मला?"

ती हे विचारेल असं वाटलं नव्हतं. स्विचसाठी मी कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती.

त्याच दिवशी मी ऑफिसात सगळं कबूल केलं. "आता कशाला उकरता?" असं तिथले साहेब म्हणाले. मी एवढंच मागितलं, की स्विच ऑटोवरून हलला तर आयसीयूत भोंगा वाजला पाहिजे आणि यूपीएसच्या बॅटऱ्या मुदतीत बदलल्या पाहिजेत. दोन्ही झालं. त्यांनी माझी नोकरी का ठेवली, माहीत नाही.

त्या दिवसानंतर तो आवाज आलेला नाही.

लाइनचं काम असेल त्या शनिवारी मी इंदूबाईला फोन करतो. ती आता भाजीचं दुकान चालवते, ते जावेवर टाकून येते. आम्ही दोघं जनरेटरशेजारी उभे राहतो. लाईट जाते. घुंई थांबते. आम्ही कान देतो. नुसती शांतता. मग इंजिन लागतं आणि ती पिशवी उचलून जाते.

मुलांना तिने सांगितलं का, मी विचारलेलं नाही. मला माफ केलं का, तेही नाही.

मागच्या वेळी जाताना ती रॅम्पवर थांबली.

"भाऊ, ते मशीन जरा उशिरा लावता येत नाय का वो? थोडंच. कदाचित आणखी थोडा वेळ शांत राहिलं तर..."

"नाही ताई," मी म्हणालो. "वर माणसं आहेत."

तिने वर बघितलं, आयसीयूच्या खिडक्यांकडे.

"नाय, बरोबर हाय," ती म्हणाली. "नका."

तो आवाज कशाचा होता, मला अजून माहीत नाही. टेस्टरवर येणारं ते नव्हतं. पुढच्या शनिवारी लाइनचं काम आहे, असं कळलंय. तिला फोन केलाय. येते म्हणाली.