खोबरेल प्यायलेलं दार

सकाळी सव्वासात. आमच्या डहाणूच्या बिल्डिंगमधली लिफ्ट पहिल्यांदा कुरकुरली ती तेव्हा. त्यानंतर इतके किस्से साठलेत की जिन्यात दोन बायका भेटल्या तरी भाजीच्या आधी लिफ्टच निघते! मीही हसते, पण कडेवरच्या पोराला घट्ट धरून. माझा राजू दोन वर्षांचा. दार उघडं दिसलं की आत पळतो. एकटा अडकला तर?

तळमजल्याच्या नीताबेन म्हणाल्या, “दार वर छोट्या चाकांवर लटकतं ना, त्या रोलरला खोबरेल घाला.” वॉचमनकाकांनी स्टुलावर चढून अर्धी बाटली ओतली. कुरकुर बंद! पण आठवड्यात तेलाला धूळ चिकटली आणि दार अडखळायला लागलं.

तलासरीहून मिस्त्री आला. फडक्याने रोलर पुसला, फडकं हुंगलं.

“ताई, चंपी झाली, आता वेणी पण घाला!”

“मग तेल लावायचं नाही?”

“कोरडं पुसायचं. तेल कुठे द्यायचं ते मी बघेन.”

दसऱ्याला आम्ही लिफ्टची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचं तोरण, अक्षता. अक्षता पडल्या दाराखालच्या खाचेत, आणि दार अर्ध्यावरच थांबलं. मिस्त्री एकेक तांदूळ टोकरत बसला. “डाळ पण टाकायची होती. खिचडी झाली असती!”

मग एकदा त्याच खाचेत चिकूची बी सापडली. सेक्रेटरी चिडले, “कोणाच्या घरी चिकू आणले होते?”

चिकूच्या वाड्यांच्या डहाणूत हा प्रश्न! सगळ्यांनीच हात वर केले.

आणि परवा. चिखले गावची मासेवाली मावशी टोपली घेऊन लिफ्टमध्ये शिरली. मी चपला घालते तोवर राजू तिच्या मागे आत, आणि दार बंद! मी बटण दाबलं, तर वर रोलर रुळावरून उतरला. दार उघडलं ते दोन बोटंच.

मी ओरडून वॉचमनकाकांना बोलावलं. मिस्त्रीला फोन केला, तो नेमका डहाणूच्या बाजारातच होता. “मेन स्विच बंद करा, दार ओढू नका, पोचलोच!” काकांनी स्विच पाडला. मी फटीला तोंड लावून रडत हाका मारत होते, “राजू! राजू रे!”

आतून राजूचं खिदळणं ऐकू आलं. मग मावशीचा आवाज.

“रडते कशाला गं? पोरगा मजेत हाय, माझ्या मांडीवर बसलाय. तू जा नि सगळ्या बायांना सांग, आज फक्त बोंबील घ्या. पापलेट या फटीतून नाय जायचं!”