माही खुर्ची अन् साहेबाचे गुडघे

त्या दिवशी आमच्या अंगणात सहा जण होते. मी, माही सून, शेजारची जाऊ, सरपंच, सरकारातून पाहणीले आलेला साहेब अन् पुसदची क्यामेरावाली पोरगी. ड्रायव्हर गाडीत झोपला होता, त्याले मी मोजत नाई.

कापसाचे लय वाईट सालं होते ते. कापूस कमी अन् पाहणीवाले जास्त. आमच्या गल्लीत धड खुर्ची एकच, माही. निळी, प्लास्टिकची. गुडघे गेल्यापासून मले खाली बसलं की उठता येत नाई, म्हणून लेकानं आणून देल्ली. पण गाडी आली की सरपंच हजर. "काकू, खुर्ची द्या वो, साहेब आले." मंग साहेब खुर्चीत अन् मी भुईवर. वरून तोच पुसे, "आजी, काही त्रास?"

ते पोरगी कलाकार होती म्हणे, पण रंग नाई की ब्रश नाई. लोकाइच्या घरातल्या वस्तूचे व्हिडिओ काढे. चार दिवस निस्ती माह्या खुर्चीचं शूटिंग करून राह्यली होती.

"पोरी, रिकाम्या खुर्चीत काय पाह्यतं?"

"कोण बसते ते पाह्यतो, आजी."

त्या सकाळी आम्ही सीतादही करून आलतो. वेचणीच्या आधी कापसाच्या झाडाले दहीभात अन् कुंकू वाह्यतो, अन् पहिला कापूस घरी आणून पुजतो. गाडीचा हॉर्न वाजला तसं पोरीनं ते पुजेचं टोपलं उचलून खुर्चीवर ठेवलं.

सरपंच टोपलं काढाले गेला. जाऊ ओरडली, "हात नोको लावू! लक्ष्मी हाये ते. साहेबासाठी तिले उठोतं का रे?"

साहेबानं बूट काढले, कापसाले हात जोडले अन् चटईवर बसला. कापसाच्या पाया पडणारा साहेब मी पह्यल्यांदा पाह्यला. भाव ठरोतानी तं हे लोकं त्याच्याकडे पाह्यत बी नाई.

उठतानी त्याच्या पायाले मुंग्या आल्या. सरपंच एका हाताले ओढे, सून पदर तोंडात धरून हासे.

म्या पुसलं, "साहेब, काही त्रास?"

त्या दिवसाचा व्हिडिओ पोरीनं यवतमाळच्या प्रदर्शनाच्या हॉलात टीव्हीवर लावला, समोर माही खुर्ची. पोरीनं आठ दिवसासाठी मांगून नेलती. मी पाहाले गेली, उभं राहवेना म्हणून टेकाले गेली, तं चौकीदार धावला. "आजी, बसू नका, ते कला हाये."

तिथून खुर्ची दुसऱ्या शहरात गेली, मंग तिसऱ्या. पोरीवर माहा राग नाई. पण मी अजून उंबऱ्यावर बसतो अन् सुनेले हाक मारून उठतो.

हे वाचणाऱ्यानं एवढं करा. कुठं निळी खुर्ची मांडलेली दिसली, डाव्या हाताले तार गुंडाळलेली, तं ते माही हाये म्हणून सांगा अन् घरी धाडाले लावा.